हे बरं की आधीचं

धाकटीच्या चष्म्याची दांडी ढिली झाली होती, एवढंच. काम दोन मिनिटांचं. बारका स्क्रू आवळायचा, दांडी दोनदा उघडमीट करून बघायची, काचा पुसायच्या, संपलं. सकाळी निघताना धाकटीने चष्म्याचं घर थोरलीच्या पर्समध्ये सरकवलं होतं आणि म्हटलं होतं, "ताई, जमलं तर बघ गं. नाही जमलं तर राहू दे, मी आजचा दिवस जुन्यावर काढते." न जमायला काय झालं? वीस वर्षं थोरली चष्म्याच्या दुकानात डोळे तपासत होती, स्क्रू आवळत होती. दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या, पंखा लावायच्याही आधी तिने ते घर उघडलं, स्क्रू आवळला आणि काचा पुसायला आतलं पिवळं फडकं ओढलं. फडक्याखालून एक कार्ड बाहेर आलं, बसच्या पासाएवढं. वर छापलेलं होतं, 'मला पुन्हा त्रास होऊ लागला तर', आणि खालच्या रेघांवर धाकटीचं अक्षर, मुंगीच्या पायांसारखं. पहिला फोन: सोबतीण. दुसरा फोन: केंद्रातले डॉक्टर. मला काय बरं वाटतं: खिडकीजवळची जागा, थंड पाणी, कमी बोलणं. आणि सगळ्यात शेवटी, यांना कळवू नये: ताई. थोरलीने ते वाचलं आणि मग, रोज वीस-पंचवीस माणसांना तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावणारी बाई ती, तिने ते पुन्हा एकदा वाचलं. दोनच अक्षरं होती. एवढ्या जवळून चूक होणं शक्य नव्हतं. तिने कार्ड होतं तसंच फडक्याखाली सारलं आणि झाकण मिटलं. उलटून मागची बाजू बघायचं तिला सुचलंच नाही. चटका बसलेला माणूस तवा उलटून बघत नाही.

मग दिवसभराची गिऱ्हाइकं सुरू झाली आणि ती तक्त्याशेजारी उभी राहून पट्टीने ओळी दाखवत राहिली, आणि मनात एका खुळ्या आशेला धरून राहिली. ताई काय, जगात सगळ्याच ताई असतात. इस्पितळात धाकटीच्या वॉर्डातल्या त्या रागीट नर्सलाही सगळे ताईच म्हणत. केंद्रात भाजी चिरायला येते तीही ताई. धाकटीला त्या नर्सचा किती राग यायचा! तिचंच असेल ते. पण 'ताई'मधल्या 'ई'ला धाकटी लहानपणापासून एक लांब शेपूट काढायची, आणि ते शेपूट तिने दुसऱ्या कुठल्याही ताईसाठी कधी काढलं नव्हतं. शाळेच्या वह्यांवर, वाढदिवसाच्या कागदांवर, 'ताई मी खेळायला गेलेय' अशा चिठ्ठ्यांवर तेच शेपूट. कार्डावरही होतं. म्हणजे नको असलेल्या माणसाचं नावसुद्धा धाकटीने लाडाने लिहिलं होतं, आणि हे जास्त लागलं. समोरच्या खुर्चीतले गृहस्थ म्हणाले, "ही ओळ मला दिसत नाही हो," तेव्हा थोरलीने त्यांना जरा जास्तच जोरात सांगितलं, "नीट बघा, दिसेल."

घरात दोघीच होत्या. थोरली एकेचाळीसची, धाकटी तेहेतीसची. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती, वडील त्याच्याही आधी गेलेले. लग्नं दोघींचीही राहून गेली. धाकटीपायी माझं राहिलं, असं थोरली मनात म्हणायची. खरं काय ते कुणालाच माहीत नव्हतं, बहुधा तिलाही नाही. धाकटी नकाशांच्या कचेरीत होती. कागदावर नद्यांना निळा रंग द्यायचा, रस्त्यांना तांबडा, असलं शांत काम. अकरा महिन्यांपूर्वी ती झोपेनाशी झाली. नळातून कोण बोलतंय ते सांगू लागली, नद्यांना तांबडा रंग देऊ लागली, आणि एका सकाळी कचेरीच्या गच्चीवर अनवाणी उभी राहिलेली सापडली. तिला खाली आणलं ते शिपायाने, पण पुढे सगळं थोरलीने केलं. वॉर्डाच्या बाहेरच्या त्या हिरव्या बाकावर ती चार आठवडे बसली. कुठल्या वेळी कुठली गोळी, कुठल्या गोळीने तोंड कोरडं पडतं, कुठल्या डॉक्टरला काय विचारलं तर तो चिडतो, हे तिला पाठ झालं होतं. घरी आणल्यावर सहा महिने तिने धाकटीला भरवलं, नाहू घातलं, तिच्या नजरेसमोरून कात्र्या नि सुऱ्या हलवल्या आणि दर तासा-दोन तासाला कपाळाला हात लावून विचारलं, "आता बरं वाटतंय?" धाकटी म्हणायची, "हो, बरं वाटतंय." दुकानाच्या मालकांनी, ज्यांना सगळे काका म्हणत, एकदा हिशोब घातला होता की त्या वर्षात थोरलीने जितक्या रजा घेतल्या तितक्या त्यांनी आयुष्यात घेतल्या नव्हत्या. पण पगार कापला नाही. तेही सगळं थोरलीच्या मनात होतं, आज एकेक वर येत होतं, आणि शेवटी प्रत्येकाच्या पुढे तीच ओळ येत होती. यांना कळवू नये.

आणि पहिला फोन कुणाला, तर सोबतिणीला. धाकटी उपचारांना जायची त्या केंद्रात 'सोबती' म्हणून काही माणसं होती, जी स्वतः कधीतरी अशाच खड्ड्यात पडून वर आलेली होती आणि आता नव्याने वर येणाऱ्यांबरोबर हिंडायची. बाजारात जा, बँकेत जा, परत कामावर जायचा पहिला दिवस असेल तर कचेरीच्या दारापर्यंत जा, असं. धाकटीच्या वाट्याला आली ती सत्तेचाळीस वर्षांची, आडव्या बांध्याची बाई होती. पूर्वी शाळेची बस चालवायची. हसली की सगळ्या खोलीला कळायचं. पहिल्याच दिवशी घरी आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "माझं डोकं सुटलं होतं ना, तेव्हा मी रिकामी बस घेऊन तीन गावं फिरून आले. एकही पोर नाही आत. पण प्रत्येक स्टॉपला थांबले हं, शिस्तीत!" थोरलीने भुवया वर नेल्या. असलं कुणी बोलतं का, आजारी माणसासमोर? आणि धाकटी हसली. पाच महिन्यांत पहिल्यांदा. आधी नाकातून फुस्स असं काहीतरी आलं आणि मग खरंच हसली, पोट धरून. पाच महिने थोरली त्या हसण्यासाठी काय काय करत होती, जुने फोटो दाखवत होती, लहानपणीच्या फजित्या सांगत होती, आणि ही बाई चपलाही धड न काढता ते घेऊन गेली. थोरलीने स्वयंपाकघरात जाऊन चहाला आधण ठेवलं आणि आधणाकडे बघत उभी राहिली. तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही होता थोडा, तळाशी कुठेतरी, पण वर जे तरंगत होतं ते निव्वळ जळणं होतं, आणि तिने त्याला त्याच्या नावाने ओळखलं. पुढे काकांना एकदा ती सहज सांगून गेली की आज सोबतीण येणार आहे, धाकटीला घेऊन जाणार आहे, तर काका भिंग पुसता पुसता म्हणाले, "सोबतीण की सवत?" ती हसली. घरी जाईपर्यंत तो शब्द जोड्यात शिरलेल्या खड्यासारखा टोचत राहिला.

जळफळाट काही नवा नव्हता, फक्त एवढी वर्षं तो निजला होता. धाकटी लहानपणी सारखी आजारी पडायची. ताप आला की तिची गादी बाहेरच्या खोलीत, खिडकीखाली. आई कामावरून लवकर यायची, वडील खालच्या आवाजात बोलायचे, सगळं घर तिच्याभोवती गोल करून बसल्यासारखं व्हायचं. थोरलीला ताप यायचाच नाही. दणकट मेली, आई कौतुकाने म्हणायची. बारा वर्षांची असताना एकदा तिने थर्मामीटर गरम पाण्यात बुचकळून आणला आणि आईला दाखवला. आईने पारा बघितला, मग तिच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "एकशे आठ ताप आणि कपाळ गार? उठ, भांडी घास." ती भांडी घासता घासता रडली होती. आता एकेचाळिसाव्या वर्षी, नंबरांच्या तक्त्याशेजारी उभं राहून, तिला जे वाटत होतं ते तिने कुणालाही सांगितलं नसतं, देवालाही नाही: आपल्याला तो आजार झाला असता तर बरं झालं असतं. त्या बाईला झाला होता. म्हणून ती आणि धाकटी एका बाजूला, आणि थोरली, दणकट मेली, बाहेरच्या बाकावर. त्या दोघी 'तिकडे' असताना काय ऐकू यायचं यावर बोलायच्या, जसं कुणी माहेरच्या गावावर बोलतं. थोरली आत आली की बोलणं बंद व्हायचं नाही, पण आवाज बदलायचा. ती काय करणार? त्या गावाला तिला कुणी नेलंच नव्हतं.

आणि आता धाकटी शनिवारी जाणार होती. केंद्राने तीन बायकांसाठी एक घर भाड्याने घेतलं होतं, कचेरीपासून चालत दहा मिनिटांवर, त्यातली एक खोली. आठवड्यातून दोनदा सोबतीण डोकावणार. शुक्रवारी केंद्रातली चार माणसं बसून ठरवणार होती, आणि त्याआधी एक कागद हवा होता, 'घरच्यांचं मत'. तो कागद चार दिवस थोरलीच्या पर्समध्ये होता. सगळे प्रश्न सोपे होते, औषधं वेळेवर घेते का, जेवण कसं आहे, एकटी बाहेर जाते का. सहावा तेवढा अवघड होता: गेल्या महिन्यात काही बदल जाणवला का? बदल जाणवला होता. गेले तीन दिवस धाकटी न्हाणीघरात गुणगुणत होती. दोन ओळी, त्याच त्या, सुरात थोड्या कमी. मागच्या वेळी, गच्चीच्या आधी तीन आठवडे, अशाच दोन ओळी घरभर फिरत होत्या, भांड्यांवर, पायऱ्यांवर, दाराच्या कडीवर. हे थोरलीखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. लिहावं की न लिहावं, या विचारात तीन दिवस गेले होते, कारण लिहिलं तर शनिवार गेला हे तिला कळत होतं, आणि शनिवार जावा असं तिला वाटतही होतं, आणि आपण जे लिहू ते काळजीपोटी लिहू की जळण्यापोटी, हे तिला काही केल्या ठरवता येत नव्हतं. आज दुपारी डबा खाऊन झाल्यावर तिने फॉर्म काढला आणि एका दमात लिहिलं: 'तीन दिवस गुणगुणते आहे. मागच्या वेळीही आधी असंच झालं होतं.' एकही शब्द खोटा नव्हता. सही केली. पेनाचं टोपण लावलं. गरज सरो नि वैद्य मरो काय? बघू आता कुणाला कळवतात नि कुणाला नाही.

लिहून झाल्यावर हलकं वाटायला हवं होतं. काका समोर बसून सुपारी शोधत होते. त्यांच्या नजरेला ती कागद घडी करताना दिसली, मग ते पुन्हा सुपारी शोधू लागले. काकांनीच तिला हे काम शिकवलं होतं. डोळे तपासणं म्हणजे भिंगं बदलणं नव्हे, ते म्हणायचे, माणूस खरं बोलतोय का ते बघणं. एक भिंग लावायचं, मग दुसरं, आणि विचारायचं, हे बरं की आधीचं? बहुतेक माणसं बापडी भिडस्त असतात. तुम्ही एवढं वाकून, एवढ्या मायेने विचारता, मग त्यांना वाटतं, काहीतरी चांगलं सांगायला हवं. ती म्हणतात, हे जास्त बरं. म्हणून अधूनमधून भिंग काढल्यासारखं करायचं आणि तेच परत लावायचं. जो म्हणतो, आता आणखी बरं, त्याच्या 'बरं'ला अर्थ नाही, तो तुमचं मन राखतोय. थोरलीने हे शिकून पहिल्यांदा कुणाला तपासलं असेल तर धाकटीला. तेरा वर्षांची होती तेव्हा ती, त्या जड तपासणीच्या फ्रेमखाली नाक चिमटून बसलेली. "हे बरं की आधीचं?" "हे!" थोरलीने तेच भिंग काढून परत लावलं. "आणि आता?" "आता तर खूपच बरं, ताई!" काका खो खो हसले होते. "हिचा नंबर तू नको काढू बाई," ते म्हणाले होते, "तुझ्यासाठी ही आंधळीसुद्धा होईल." थोरलीला तेव्हा ते कौतुक वाटलं. तिने नंतरही प्रत्येक वेळी धाकटीचा नंबर स्वतःच काढला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

चारच्या सुमाराला दुकानाचं दार ढकलून सोबतीण आत आली.

"ताई, तुमच्या बहिणीने तुमची एवढी जाहिरात केलीय की यावंच लागलं," ती खुर्चीत बसता बसता म्हणाली. खुर्ची करकरली. "म्हणते, माझ्या ताईसारखं कुणी तपासत नाही. मला हल्ली जवळचं काही दिसतच नाही हो. परवा औषधाच्या बाटलीवरचं वाचत होते तर हात पुरेना."

"वयाने होतं ते," थोरली म्हणाली. तिला हे बोलून बरं वाटलं.

"म्हातारी झाले म्हणा की सरळ."

थोरलीने तिच्या नाकावर ती जड फ्रेम चढवली. इतक्या जवळून तिने त्या बाईला कधी पाहिलं नव्हतं. डाव्या भुवईत एक जुना व्रण होता, पापण्या विरळ होत्या, श्वासाला बडीशेपेचा वास. आता ही आपल्या हातात आहे, असं तिच्या मनात आलं. पाव नंबर इकडचा तिकडे केला तर हिला कळणारसुद्धा नाही, फक्त महिनाभर डोकं ठणकेल आणि पायरी उतरताना पाऊल अडखळेल. वीस वर्षांत असला विचार तिला शिवला नव्हता. तिने भिंगांच्या पेटीतून एक भिंग उचललं, लावलं, बदललं. हे बरं की आधीचं? आधीचं. आता? आता हे. मग, मुद्दाम, तेच भिंग काढून तिने परत घातलं. "आणि आता?"

सोबतीण थोडा वेळ बघत राहिली. "तेच आहे की," ती म्हणाली. "काही बदललं नाही. मला फसवताय होय?" आणि हसली, ते सगळ्या दुकानाला कळणारं हसू. काकांनी मान वर करून बघितलं.

थोरलीला खरं तर तिथेच थांबता आलं असतं. जवळच्या वाचनाचं कार्ड समोर, टेबलावर पडलेलं होतं, बारीक-मोठ्या अक्षरांच्या परिच्छेदांचं, रोजचं. पण तिचा हात टेबलाकडे गेला नाही, पर्सकडे गेला. चष्म्याचं घर उघडलं, फडकं बाजूला केलं, कार्ड काढलं आणि त्या बाईच्या हातात दिलं. "आता हे वाचा. जवळचं. शेवटची ओळ."

सोबतिणीने ते धरलं. तिचं हसू कुठे मावळलं ते कळलंही नाही. तिने शेवटच्या ओळीपर्यंत नजर जाऊच दिली नाही. आधी तिने दोन्ही हातांनी फ्रेम नाकावरून उतरवली, म्हणजे वाचता येऊ नये म्हणून, आणि मग कार्ड पालथं करून टेबलावर ठेवलं, थोरलीसमोर.

"हे तिचं आहे," ती म्हणाली. "तुम्हाला कुठून मिळालं ते मी विचारत नाही."

"तिच्या चष्म्याच्या घरात होतं."

"मग घरातच राहू दे."

"तुमचा पहिला नंबर आहे," थोरली म्हणाली. तिचा आवाज तिच्याच कानाला पोरकट वाटला, भांडी घासणाऱ्या पोरीचा.

"आज आहे. मागे एका पोराच्या कार्डावर मी पहिली होते, रात्रंदिवस फोन. आता तो मला रस्त्यात ओळखत नाही. चांगलं असतं ते." सोबतिणीने नाकावर उमटलेला फ्रेमचा वळ चोळला. "वाईट वाटतं, नाही असं नाही."

थोरली ऐकत नव्हती. सोबतिणीने कार्ड झाकायला म्हणून पालथं केलं होतं, पण चष्म्यावाचून तिला जवळचं काही दिसत नव्हतं, आणि म्हणून तिला कळलं नव्हतं की मागची बाजू कोरी नाही. मागे छापलेलं होतं, 'कारण (लिहावंसं वाटलं तरच)', आणि त्याखाली मुंगीच्या पायांच्या दोन ओळी होत्या. उलटी अक्षरं वाचायची थोरलीला सवय होती, गिऱ्हाइकाच्या हातातलं कार्ड ती रोज उलटंच वाचायची. 'ताई धावत येते. ती आली की मला बरं व्हावं लागतं.'

दुकानात कुणीतरी आलं, काकांनी त्याला बसायला सांगितलं. रस्त्यावर एक मालट्रक मागे येताना टूं टूं वाजत राहिला. थोरलीला हिरवा बाक आठवला, आणि कपाळावर ठेवलेला आपला हात, आणि दर तासाला विचारलेलं ते वाक्य, आणि दर तासाला आलेलं तेच उत्तर. हो, बरं वाटतंय. आता? आता जास्त बरं, ताई. सहा महिने ती एकच भिंग काढून परत लावत होती आणि बहीण तिचं मन राखत होती. परक्या माणसाच्या 'बरं'मधलं खोटं तिला क्षणात कळायचं, तो तिचा धंदाच होता, आणि घरातलं तिला एकदाही ऐकू आलं नाही. ताप नसलेल्या कपाळावर आईने हात ठेवला तेव्हा आईला एका क्षणात कळलं होतं. आपल्याला कळलं नाही, कारण आपल्याला 'बरं' हेच ऐकायचं होतं.

"ताई?" सोबतीण म्हणाली. "फॉर्म भरून झाला असेल तर द्या, मीच नेते. उद्या सकाळी बैठक आहे."

"अजून भरला नाही," थोरली म्हणाली. खोटं. पर्समध्ये सहीसकट घडी होती. "उद्या दुकान उघडायच्या आधी मी आणून देते. तुमचा नंबर दीड आलाय. फ्रेम काकांकडून बघून घ्या, त्या तांबड्या घेऊ नका, नाकावरून घसरतात." नंबर बरोबर लिहून दिला तिने. पाव नंबराचीही चूक केली नाही. हे सांगण्यासारखं नव्हतं, तरी तेवढं झालं.

घरी पोचली तेव्हा अजून उजेड होता. धाकटी पुढच्या खोलीत खोक्यांच्या मधोमध होती. तीन खोकी भरलेली, एक उघडं, त्यात रंगांच्या बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या. जुना चष्मा नाकाच्या टोकावर. थोरलीने पर्समधून चष्म्याचं घर काढून दिलं. "झालं. स्क्रू आवळलाय." धाकटीने ते घेतलं, उघडलं, आणि फडक्याखाली बोटांनी चाचपलं, सहज केल्यासारखं. मग तिने थोरलीकडे बघितलं.

"वाचलंस," ती म्हणाली. विचारलं नव्हतं तिने, सांगितलं.

"वाचलं. दोन्ही बाजू."

थोरलीला माफी मागायची होती, आणि तितकंच भांडायचंही होतं, आणि दोन्ही तोंडापर्यंत येऊन एकमेकांत अडकलं. तेव्हा तिने पर्समधून फॉर्म काढला, घडी उलगडली आणि धाकटीच्या हातात दिला. असा कागद घरच्यांनी परस्पर द्यायचा असतो, ज्याच्याबद्दल आहे त्याला दाखवायचा नसतो. "माझंही वाच," ती म्हणाली.

धाकटीने चष्मा बदलला आणि उभ्यानेच वाचलं. सहाव्या प्रश्नाशी ती थांबली. थोरली तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती, खोक्यावरच्या चिकटपट्टीकडे बघत होती.

"खरं आहे," धाकटी म्हणाली. "गुणगुणते. तुला आठवतं होय ते?"

"मला सगळं आठवतं."

"माहितीय." धाकटीने रंगांच्या बाटल्यांमधून पेन काढलं, फॉर्म खोक्यावर ठेवला आणि थोरलीच्या ओळीखाली लिहिलं. थोरलीने वाचलं, या वेळी सुलटं: 'तेव्हा थांबवता येत नव्हतं. आता येतं.' मग धाकटीने पेन खाली ठेवलं आणि त्या भरलेल्या खोक्यावरच बसली, एकदम. "पण आज बरं नाही वाटत, ताई," ती म्हणाली. "सकाळपासूनच."

थोरलीच्या पायांत धाव आली. हात आपोआप उठला, कपाळाकडे. पाणी आण, गोळी बघ, खिडकी उघड, झोप झाली होती का काल, कधीपासून, किती. आणि त्या सगळ्याच्या आत, लाज वाटावी असा एक आनंद: हे तिने मला सांगितलं. आणि त्याच्याही आत, सापासारखं वेटोळं घालून बसलेलं दुसरं: हे एवढं वाक्य त्याच कागदावर लिहिलं तर शनिवार गेला, आणि दोष कुणाचाच नाही. आणि सगळ्यात खाली, जिभेच्या टोकावर येऊन थांबलेला प्रश्न, सोबतिणीला सांगितलंस का आधी? माझ्या आधी? तो प्रश्न तिने गिळला. उठलेला हात तिने खाली घेतला.

"बरं," थोरली म्हणाली.

धाकटीने मान वर केली. पुढे काय येतंय याची ती वाट बघत होती, इतक्या वर्षांच्या सवयीने. पुढे काही आलं नाही. बाहेर कुणीतरी जिन्यात किल्ल्या खुळखुळवत वर गेलं, वरच्या मजल्यावर दार उघडलं आणि लागलं. मग धाकटी खोक्यावर जराशी सरकली, आणि थोरलीपुरती जागा झाली.